गुलमोहर आणि झेंडू

अंगणांना कुंपणं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. यमुनाबाईंनी परसात एकाच दिवशी झेंडूचं आणि गुलमोहराचं बी पेरलं. दसऱ्याला झेंडू फुलला. गुलमोहराला नुसती पानं!

"तुझी फुलं कुठायत रे?" झेंडूने विचारलं.

"काय माहीत! माझं काही चुकलं का?"

दर दसऱ्याला नवा झेंडू तेच विचारी. आपण गुलमोहरच ना, अशीही त्याला शंका येई.

एका वैशाखात त्याची पानं झडली. संपलो, असं वाटलं, तोच तो लालभडक फुलला! झेंडूला दाखवायला वाकला, तर वाफा रिकामा.

पावसात फुलं गळाली. दसऱ्याला नवा झेंडू म्हणाला, "एवढा वाढलास, अन् एकही फूल नाही?"

"वैशाखापर्यंत थांबशील?"

झेंडू गोंधळला. "वैशाख म्हणजे काय?"