वेणुमतीचा शाप आणि उंदराचे दात

पूर्वी त्रेतायुगात मेघांनी पृथ्वीकडे पाठ फिरवली आणि पुण्यसलिला पयोष्णी वाळूचा पट्टा होऊन राहिली. तेव्हा तिच्या तीरावरील आश्रमात तपोरथ मुनींची भार्या वेणुमती अवघ्या भूमंडळाचे बियाणे राखत होती. पर्जन्याची आराधना करण्यासाठी हिमालयाकडे निघताना मुनींनी तिला बजावले होते, "हे साध्वी, हे बीज तुझे नव्हे, माझेही नव्हे, हे पृथ्वीचे गर्भधन आहे. यातला दाणा माणसाच्या मुखी जाऊ देऊ नकोस. मात्र पौर्णिमेस बियाणे उन्हात घालशील, तेव्हा बिळातल्या जीवांना मूठभर टाक. त्यांचा भाग त्यांना मिळाला, तर ते रांजणाकडे फिरकणार नाहीत."

तिने धान्य राखेत घोळून रांजणात भरले, निर्गुडीचा पाला घातला, तोंडे शेणमातीने लिंपली. सुरणाचे आणि हळदीचे कंद वाळूत पुरले. पौर्णिमेची मूठही ती टाकत राहिली. तिची लेक इरा भुकेने झिजत होती, पाल्याच्या काढ्यावर दिवस ढकलत होती, आणि अंगणात उंदीर दाणे टिपत होते. आईच्या काळजाचे काय पाणी झाले असेल! तरी तिने व्रत मोडले नाही. एका पहाटे इरा उठलीच नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला वेणुमतीने मूठ आवळून धरली. "जो दाणा माझ्या लेकीला मिळाला नाही, तो या बिळातल्यांना का म्हणून?" असे म्हणून तिने रांजण पुन्हा लिंपले. मुनींची आज्ञा ती विसरली नव्हती. तिला ती नकोशी झाली होती.

पुढच्या पौर्णिमेस रांजण उघडले, तेव्हा तळाला भोक होते आणि आत नुसती राख. वाळूतली हळद फस्त झाली होती. खाजरा सुरण तेवढा उरला होता. वेणुमतीचे नेत्र प्रज्वलित झाले. हाती जल घेऊन ती गर्जली, "अरे अधमांनो! पोटची पोर मातीत घातली, पण मी ज्याला हात लावला नाही, ते तुम्ही खाल्लेत! तुमचे दात मरेपर्यंत वाढत राहोत! कुरतडणे थांबवाल, तर ते तुमच्याच जबड्यात रुतोत!"

तोच एक वृद्ध मूषकी भोकातून बाहेर आली.

"माते, तू आमचा भाग रोखलास, तेव्हा माझी सातही पिले मेली. मग आम्ही रांजण फोडला. वाढते दात घेऊन आम्ही काय कुरतडू? जे सापडेल ते! माणसांचे एकही कोठार धड राहणार नाही. सूर्य मावळेपर्यंत शाप मागे घेता येतो. घे, आणि आम्ही पुन्हा मुठीवर राहू."

लेकीला पुरले होते तिथे वेणुमती जाऊन बसली. पिले याही आईची मेली, हे तिला कळत होते. कळूनही तिचे ओठ उघडेनात. मूषकी वाट पाहत उंबऱ्याशी थांबली. सूर्य पश्चिमेला कलला, तांबडा झाला, मावळला.

पुढे पाऊस आला, तेव्हा त्या भूमीत पेरायला फक्त सुरण होता. आणि उंदराचे दात आजही वाढतात. भूक नसली, तरी तो कणगी कुरतडतो.