पाण्याचं बटण

“...म्हणून विचारतो नाना, प्रोग्रॅम पायथन भाषेतच ठेवू, की रस्टमध्ये नव्यानं लिहू?”

नाना सरनाईक सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यात नानांचा जन्म गेला होता. बायको गेल्यावर ते नदीकाठच्या धर्मशाळेत, मागच्या खोलीत राहायला आले. तरी सांगली-कोल्हापूरकडची प्रोग्रॅम लिहिणारी मुलं अडली की त्यांच्याकडेच येत. विराज कासले त्यांतला सर्वांत हुशार. हे त्यालाही माहीत होतं.

त्यानं लॅपटॉप उघडून सगळं समजावून सांगितलं. कोणत्या भाषेतला प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरवर लवकर उघडतो, कोणत्या साधनानं पडद्यावरच्या खिडक्या देखण्या होतात, पुढे काय टिकेल आणि कशाला कुणी विचारणार नाही. नानांनी ऐकून घेतलं. एक खडा बाजूला टाकला.

“आतापर्यंत किती भाषांत लिहिलास?”

“रस्ट धरली तर चौथी.”

“नवरदेव चौथ्यांदा सदरा बदलतोय,” नाना म्हणाले. “तिकडे वऱ्हाड जेवून उठलं.”

विराज हसला. नाना हसले नाहीत.

“प्रोग्रॅम करतो काय?”

ज्याची वाचा गेली आहे, अंग हलत नाही, फक्त एक बोट हलतं, अशा माणसासाठी तो होता. पडद्यावरची बटणं एकामागून एक उजळत जातात. हवं ते बटण उजळलं की बोटानं कळ दाबायची. कॉम्प्युटर तेवढं मोठ्यानं बोलतो. मिरजेच्या सदलगे गुरुजींना तो हवा होता. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अजून हलत होतं. त्यांची सून अधूनमधून फोन करून विचारायची, झाला का म्हणून.

“पहिला कुणासाठी लिहिलास?”

“ताईसाठी.”

नानांचे हात थांबले. विराजची ताई चैत्रात गेली, हे त्यांना ठाऊक होतं.

“तो चालत होता?”

“चालत होता. पण त्या साधनात मराठी अक्षरं नीट उमटत नव्हती. अक्षर एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. फार वाईट दिसायचं. मग...”

“मग?”

“दुरुस्त करायला परत नेला.”

“ताईला वाचता येत नव्हतं?”

“येत होतं. वापरायलाही लागली होती.”

“मग नवा कधी आणून दिलास?”

विराज लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“जावा भाषेत लिहून आणला, तोवर तिचं बोट थांबलं होतं.”

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“तो पहिला अजून आहे?”

“आहे.”

“गुरुजींना तोच का नाही दिलास?”

“नाना, त्यात मात्रा तुटतात. सांगितलं ना.”

“जन्मभर पोरांची मोडकी अक्षरं वाचली असतील त्यांनी. का नाही दिलास?”

विराज खाली बघून बोलला. वाचा जाण्याआधी त्यानं ताईकडून सगळे शब्द बोलून घेतले होते. पहिल्या प्रोग्रॅमात तिचा आवाज होता. नंतरच्या एकातही तो घातला नव्हता. चैत्रानंतर पहिला प्रोग्रॅम त्यानं उघडलाच नव्हता.

“उघड,” नाना म्हणाले.

“नाना...”

“उघड.”

करड्या रंगाची एक ओबडधोबड खिडकी उघडली. ‘पाणी’मधली वेलांटी अक्षरापासून लांब, एकटीच उभी होती. बटणं उजळू लागली. कूस बदला. दुखतंय. पाणी. नको.

नाना सूप बाजूला ठेवून त्याच्याजवळ सरकले. त्यांनी विराजचा उजवा हात धरला, बोटं आपल्या मुठीत मिटून घेतली. तर्जनी तेवढी मोकळी सोडली आणि ती कळेवर टेकवली.

पाण्याचं बटण उजळलं, विझलं. पुन्हा फेरी आली. पुन्हा गेली. नानांनी घाई केली नाही. मूठही सोडली नाही.

विराजचं बोट खाली गेलं.

“विरू, पाणी दे.”

आवाज धडधाकट बाईचा होता. जरा घाईतला. हसू दाबून बोलल्यासारखा.

पडद्यावर पुढची बटणं उजळतच होती.

नाना उठले. माठातून फुलपात्र भरून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. विराजनं पाण्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तो प्यायला नाही. फुलपात्र कुठे ठेवावं, हेही त्याला सुचेना.

“हाच दिला, तर गुरुजी ताईच्याच आवाजात बोलतील,” तो म्हणाला. “पाणी मागताना नाव माझंच येईल.”

नानांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“गुरुजींना तहान लागली असेल,” ते म्हणाले.