उन्हात मुरवलेलं मलम

“…मग हे डाग जाणार तरी कधी, माई?”

शेवंता तोंडावर पदर ओढूनच बोलत होती. मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. ती गरोदर असताना दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले, ते बाळंतपणानंतरही गेले नव्हते.

गोदामाई मठाच्या ओसरीवर वाती वळत होत्या. शेजारी त्यांचा शिष्य चिद्घन, काशीहून नुकताच शास्त्र शिकून आलेला आणि ते कुणाला तरी ऐकवायला टपलेला.

“बाई, देह नाशवंत आहे,” तो म्हणाला. “डागांचं काय घेऊन बसलात?”

शेवंताने पदर आणखी पुढे ओढला.

“गुरुवारी याचं उष्टावण,” ती माईंना हळूच म्हणाली. “सासूबाई म्हणतात, चारचौघींत तू नको बसूस, बाळाला जाऊबाईच्या मांडीवर देऊ.”

माईंचे हात थांबले.

“मलम लावतेस?”

“डॉक्टरीणबाईंनी दिलंय. त्यांनी रात्री लाव म्हटलं होतं. पण मी सकाळी लावते. याला तेल लावून कोवळ्या उन्हात बसते ना, तेव्हाच. उन्हानं चांगलं मुरतं.”

चिद्घन फिसकन हसला.

माई हसल्या नाहीत. “अगं वेडे, उन्हानं तर हे डाग आणखी गडद होतात. मलम रात्रीच लाव. दिवसा सावली सोडू नकोस. फिके व्हायला महिने लागतील, धीर धर.”

“आणि गुरुवारी?”

विझलेल्या समईची काजळी माईंनी बोटावर घेतली आणि चिद्घनच्या गालावर ओढली.

“जा, बाजारातून कापूस आण.”

तो उठला. पायरीपाशीच थांबून उपरण्याने गाल खसाखसा पुसू लागला.

“का रे?”

“लोक बघतील, माई…”

बोलून गेला आणि खाली बघत राहिला.

तेवढ्यात बाळाने आईचा पदर ओढला. तिचं तोंड उघडं पडलं. ते डागाळलेलं तोंड बघून बाळ खुदकन हसलं. शेवंताने पदर पुन्हा घेतला नाही. तिचे डोळे भरून आले होते.

माईंनी कोपऱ्यातली छत्री चिद्घनच्या हाती दिली.

“हिला घरापर्यंत सावलीतून ने. सासूबाईंना सांग, गुरुवारी गोदा येणार आहे, हिच्या शेजारी बसायला. आणि वाटेत देहाबद्दल काही बोलू नकोस… तुझा गाल अजून काळा आहे.”