पिंपळाचं सुतक

गेनू न्हाव्याचं दुकान म्हणजे चावडीपुढच्या पिंपळाची सावली. सरपंच दौलतरावांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं. वरातीचा रथ फांद्यांना अडणार, म्हणून त्यांनी पिंपळच पाडायचं ठरवलं. जिवंत झाड तोडायला कायद्याची बंदी. पण कायदा वाकवायला असल्या माणसाला कितीसा वेळ लागतो! हिरव्यागार पिंपळाला ‘मृत’ ठरवणारा शिक्क्याचा कागद आला आणि मागोमाग करवतवाले आले.

“बाजूला हो गेन्या. झाड मेलंय, सरकारी कागद आहे,” सरपंच गुरकावले.

गेनूनं धोकटी उघडली आणि वस्तऱ्याला धार लावत तो म्हणाला, “बसा सरपंच.”

“कशाला?”

“डोकं भादरायला. तुमच्या आईवडिलांना मूल होत नव्हतं, तेव्हा त्यांनी ह्याच पिंपळाला थोरला लेक मानून त्याची मुंज लावली. मग तुम्ही झालात. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. थोरला भाऊ गेला म्हणता, तर धाकट्यानं दहा दिवस सुतक नको धरायला? लग्नाचं पुढं बघू.”

रथाचा रस्ता बघायला आलेले व्याही शेजारीच उभे होते. ते उसळले, “सुतकात आमच्या पोरावर अक्षता? जमणार नाही!”

“अहो, कुठं मेलंय? पानं दिसत नाहीत का?” सरपंच घाबरून ओरडले.

“तोंडी नको,” गेनू म्हणाला. “त्याच कागदावर लिहा, झाड जिवंत आहे. आणि करा सही.”

सरपंचांनी सही केली. गेनूनं वस्तरा मिटला.

“आता थोरल्याच्या पाया पडा, आणि वरात वळसा घालून न्या.”