पुसणीच्या डोंगरावरची आवडाई

समोर दिसतोय तो पुसणीचा डोंगर. नकाशात त्याचं नाव वेगळं आहे, पण या चार गावांत कुणालाही विचारा, तो पुसणीचाच डोंगर. माथ्यावर देऊळ नाही, समाधी नाही, साधा शेंदूर फासलेला दगडसुद्धा नाही. तरी माघातल्या पौर्णिमेला तिथं एवढी माणसं जमतात की तुम्हाला वाटावं, मोठा जागृत देव असेल. वर दोन बसायचे दगड आहेत, एक उंच आणि एक बुटका. ज्याला काही विचारायचंय त्यानं बुटक्या दगडावर बसायचं आणि ज्याला विचारायचं त्याला उंच दगडावर बसवायचं. मग विचारणारा कलेक्टर असो नाहीतर आमदार. ही इथली रीत आहे.

तुम्ही कॉलेजची मुलं समाजशास्त्र शिकता, अर्थशास्त्र शिकता. तुमच्या सरांनी सांगितलं म्हणून मी तुम्हाला ही गोष्ट सांगतोय. माझं नाव सदाशिव टाके. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. खरीखोटी पारखायला मी काही तिथं नव्हतो. ऐकली तशी सांगतो.

फार वर्षांपूर्वी इथं रायाजी नाईक नावाचा गढीवाला होता. ही पलीकडची पडकी तटबंदी त्याच्या गढीची. गढी बांधली त्याच्या बापानं. त्यासाठी लांबून दगडफोडे आणले होते, तेच आमचे पूर्वज. त्यांनी काळा दगड फोडला, घडवला, चिरा चिऱ्यावर बसवला. गढी पुरी झाली आणि त्याच दिवशी त्यांचं काम संपलं. जुन्या नाइकानं हुकूम काढला, म्हणे, की ज्यांनी भिंती बांधल्या त्यांना भिंतींतल्या वाटाही ठाऊक, तेव्हा या लोकांनी गढीच्या दरवाजाच्या आत पाऊल टाकू नये आणि या मुलखात जमीन धरू नये. बाजार भरायचा तो दरवाजाच्या आत. दगडफोडे ओढ्यापलीकडे झोपड्या घालून राहिले. त्या वस्तीला पल्याड म्हणू लागले.

पुढं असं होऊ लागलं की आषाढ लागला, घराघरातलं धान्य सरलं, की गढीच्या कोठारातून धान्य जायचं. कुलूप जागच्या जागी, पहारा जागच्या जागी, आणि कणगी रिकामी. चोर सापडायचा नाही. पण नाव सगळ्यांच्या तोंडी एकच असायचं. पल्याडच्यांचं.

रायाजी नाइकाच्या पदरी विश्वंभरशास्त्री नावाचे मोठे विद्वान होते. नाइकानं त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "महाराज, हा त्यांच्या रक्ताचा गुण आहे. कडुनिंब कडू का, असं कुणी विचारतं का?" शास्त्रीबुवा माणूस वाईट नव्हते. पण त्यांनी ओढा कधी ओलांडला नव्हता. नाइकानं ठरवलं, पाऊस पडण्याआधी पल्याडची वस्ती पेटवून द्यायची आणि लोकांना घाटाखाली हाकलायचं. घाटाखाली तेव्हा दाट जंगल आणि हिवताप. लहान लेकरं, म्हातारी माणसं त्यातून जगली नसती, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी बोललं नाही.

बोलली ती शास्त्रीबुवांची मुलगी. तिचं नाव आवडाई. लहानपणीच नवरा गेलेला, बापाच्या घरी बापाजवळ बसून शिकलेली. भर सदरेत ती पुढं आली आणि म्हणाली, "नाईक, यांच्याबद्दल आपण सगळं बोललो. पण यांना कुणी विचारलं का?"

सदरेत हशा पिकला. नाईकही हसला. म्हणाला, "चोराला विचारायचं, बाई, तू चोरी का करतोस म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "आणि उत्तर येईपर्यंत तिथंच राहायचं. मला हा पावसाळा द्या. माझं म्हणणं चुकलं तर त्यांच्याबरोबर मलाही घाटाखाली हाकला."

बापानं तिचा हात धरला, म्हणे. तिनं तो हळूच सोडवला. नाइकालाही भर सदरेत तिनं लावलेली पैज नाकारता येईना. त्यानं पावसाळ्यापुरती मुदत दिली.

आवडाई ओढा ओलांडून पल्याडला गेली. कुणी तिच्याशी बोलेना. हेर म्हणून आली असेल, असंच सगळ्यांना वाटलं, आणि त्यात चूक काय होती? शेवटी धुरपाआई नावाच्या एका म्हातारीनं तिला दारात बसू दिलं. आवडाई सवयीनं ओट्यावर बसायला गेली तशी धुरपाआई म्हणाली, "तिथं नाही. विचारायला आलीस ना? मग खाली बस. वर बसून विचारलंस तर ती जबानी होते, माय. जबानीत कोण खरं सांगतं?"

आवडाई खाली बसली. तो पावसाळाभर ती खालीच बसली, असं सांगतात. ती त्यांच्याबरोबर दगड वाहायची, कंदमुळं उकरायची, आजारी पोरांजवळ जागायची. विचारण्यापेक्षा ऐकायची जास्त. आषाढ आला. चुली पेटेनाशा झाल्या. तिनंही उपास काढले. आणि एके दिवशी धुरपाआईनंच तिच्यापुढं ज्वारीची भाकरी ठेवली.

आवडाईनं विचारलं, "ही ज्वारी कुठली?"

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. "तुला माहीत आहे कुठली ते. खा. नाहीतर जाऊन सांग."

तिनं भाकरी खाल्ली. आणि पावसाळा सरल्यावर जाऊन सांगितलंही.

इथं ही गोष्ट सांगताना माझे आजोबा थांबायचे. म्हणायचे, दुसरं कुणी असतं तर खोटं बोललं असतं. चांगल्या मनानं, पण खोटंच. आवडाई सदरेत उभी राहिली. एका बाजूला नाइकाची माणसं, दरवाजाबाहेर पल्याडचे लोक, धुरपाआई सगळ्यांत पुढं. आवडाई म्हणाली, "कोठारातलं धान्य पल्याडचेच नेतात. मी स्वतः ते खाल्लं आहे."

गढीत जल्लोष झाला. दरवाजाबाहेर बाया रडू लागल्या. धुरपाआई मात्र रडली नाही. ती एकटक आवडाईकडं बघत राहिली.

जल्लोष ओसरल्यावर आवडाई म्हणाली, "माझं निम्मंच सांगून झालंय. सदरेत यायच्या आधी मी गढीतही फिरले, इथल्या माणसांनाही विचारलं. नाईक, तुम्ही मोहिमेवर गेलात आणि पागेच्या लोकांचा शिधा थांबला, त्या साली कोठारातून धान्य कुणी नेलं?"

पागेचा म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, "आम्ही नेलं. पोरं उपाशी होती."

"मग तुमच्या रक्ताला कुणी नावं ठेवली का?"

"नाही."

"आपल्या माणसानं घेतलं तर आपण कारण सांगतो," आवडाई म्हणाली. "त्यांनी घेतलं तर रक्त सांगतो. त्यांना जमीन नाही, बाजारात पाय ठेवायची मुभा नाही. गढी उभी राहिली आणि काम संपलं. आषाढात त्यांनी खायचं काय? रक्त म्हणून म्हणता, तर याच लोकांचे सख्खे भाऊबंद घाट बांधायला खैरखेडला गेले होते. तिथं त्यांना जमीन मिळाली. रक्त तेच आहे. तिथं काय होतं ते कुणीतरी जाऊन बघा. मी गेले तर म्हणाल, हिनं आपल्या सोयीचं सांगितलं."

तेव्हा विश्वंभरशास्त्री उठले. "मी जातो," ते म्हणाले. "मी हिचा बाप आहे. पण रक्ताचा गुण मीच सांगितला होता, हिचं म्हणणं चुकीचं ठरावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नाही. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही."

शास्त्रीबुवा खैरखेडला गेले. दोन दिवसांत परततील असं वाटलं होतं, पण ते बरेच दिवस तिथंच राहिले. परतले तेव्हा पायांना भेगा पडलेल्या, चेहरा उन्हानं रापलेला. सदर भरली. नाइकानं विचारलं, "शास्त्रीबुवा, खैरखेडच्या कोठाराला कुलूप कसलं आहे? इथल्यापेक्षा भक्कम?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "महाराज, तिथल्या कोठाराला कुलूपच नाही. राखण या लोकांचे भाऊबंद करतात. सगळ्या गावाचं धान्य त्यांच्या भरवशावर आहे." मग ते लेकीकडं वळले आणि भर सदरेत म्हणाले, "आवडे, मी आयुष्यभर माणूस कसा असावा ते वाचलं. माणूस कसा आहे हे तू विचारलंस. माझं चुकलं."

रायाजी नाईक कठोर होता, पण आपल्या शब्दाला जागणारा होता. त्यानं बापाचा हुकूम मोडला. बाजाराचा दरवाजा पल्याडच्यांना मोकळा केला आणि डोंगराच्या पायथ्याची जमीन कसायला दिली. दरबारातल्या कितीतरी जणांनी त्याला वेड्यात काढलं. आषाढ येऊ दे, मग बघू, असं म्हणत ते वाट बघत बसले.

आषाढ आला. कोठारातला एक दाणा हलला नाही. श्रावण गेला, भादवा गेला. खरिपाची पहिली कणसं हाती आली आणि एका सकाळी पल्याडहून ढोलांचा आवाज येऊ लागला. सगळी वस्ती निघाली होती. बायका, पोरं, म्हातारे, आणि मधोमध खांद्यावर घडवलेला मोठा चिरा घेतलेले गडी. पहारेकऱ्यांनी भाले पुढं केले. नाईक म्हणाला, "येऊ द्या."

ते थेट कोठाराच्या मागच्या भिंतीशी गेले. पाणी जायची जुनी मोरी तिथं होती. तिच्यातून माणूस कसा आत शिरतो, ते त्यांनी सगळ्यांसमोर दाखवलं. मग तो चिरा मोरीच्या तोंडाशी बसवला आणि वाट कायमची बुजवली. पाणी जाण्यापुरती बोटभर फट तेवढी ठेवली. चिरा असा चपखल बसला की सुईही आत जाईना. धुरपाआईनं हात झटकले आणि नाइकाला म्हणाली, "तुझ्या बापाला भीती होती ती वाट हीच. आम्हाला आता ती लागत नाही." गढी दणाणून गेली. त्या दिवशी गढी आणि पल्याड पहिल्यांदा एका पंगतीला बसले, असं सांगतात.

त्यानंतर लांबलांबच्या गावांतून लोक आवडाईला बोलवायला येऊ लागले. आमच्या गावात भांडणं का होतात, आमच्या मुली सासरी का टिकत नाहीत, आमची माणसं गाव सोडून का जातात. ती म्हणायची, "मला ठाऊक नाही. जाऊन विचारू." गढी आणि पल्याड यांच्या मधोमध हा डोंगर. त्याच्या माथ्यावर ती शिकवायला बसू लागली. खूप शिष्य झाले. तुमच्या पुस्तकात या जाऊन विचारण्याला मोठी नावं असतील. आमच्याकडं त्याला पुसणी म्हणतात.

पण शिष्य झाले की भांडणं आलीच. एकजण म्हणाला, सगळ्याचं मूळ धान्यात आणि बाजारात. दुसरा म्हणाला, छे, हुकूम कोण देतो त्यात. तिसरी म्हणाली, नात्यागोत्यात आणि रीतीत. चौथा म्हणाला, माणसाच्या मनात. भांडण असं पेटलं की एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून चौघांनी डोंगरावर यायला चार वेगळ्या वाटा पाडल्या. आवडाई तेव्हा थकली होती. तिनं चौघांना समोर बसवलं आणि म्हणाली, "वाटा पाडल्यात, बरं केलंत. डोंगर चारी बाजूंनी कळला पाहिजे. चढताना खुशाल आपापल्या वाटेनं या. पण उतरताना दुसऱ्याच्या वाटेनं उतरायचं आणि त्याच्या वस्तीत जेवून घरी जायचं. हे जमणार नसेल तर उद्यापासून येऊ नका." चौघंही दुसऱ्या दिवशी आली, म्हणे.

आजही माघातल्या पौर्णिमेला हीच रीत आहे. गढीकडची मंडळी त्यांच्या वाटेनं चढतात आणि आमच्या पल्याडच्या वाटेनं उतरतात. आमच्या दारात पान मांडलेलं असतं. पण वाढण्याआधी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई पाहुण्यांना विचारते, "सांगा, यंदा आमच्याबद्दल काय काय ऐकलंत?" ऐकलेलं सगळं सांगावं लागतं, चांगलं आणि वाईटही. खोटं असेल ते आम्ही खोडतो, खरं असेल ते कबूल करतो. मग आम्ही त्यांच्याबद्दल काय ऐकलंय ते सांगतो, आणि त्यावर असा हशा उठतो की ओढ्याच्या पलीकडं, पार गढीच्या बुरुजापर्यंत ऐकू जातो.