पौषातला डोंगर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक फोटोवाला राहत होता. राजे अजून गादीवर होते आणि कॅमेरा नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. लग्नसराईत हा नवरानवरीचे फोटो काढी आणि श्रावणात डोंगराचे. धबधबे, ढग, ओलीगच्च झाडी! ते पाहून लोक माना डोलवत.

पण पौष लागला की हा गडी कॅमेरा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवी आणि अंगणात ऊन खात बसे. पौष म्हणजे भाकड महिना. लग्न नाही, मुंज नाही, नवं काम हाती घ्यायचं नाही. डोंगरावर तर नुसतं पिवळं गवत. "हुरूपच येत नाही गं," असं तो बायकोला सांगे. हुरूप काय पाहुणा आहे, की तो येईल आणि यानं पाट मांडावा? पण त्याला हे सांगणार कोण!

एका पौषात राजाला नव्या महालासाठी दगड हवा झाला. कारभाऱ्यानं याच डोंगराकडे बोट दाखवलं. "महाराज, पावसाळा सोडला तर मेलेला डोंगर आहे तो. फोडला तर कुणाचं काय जातंय?" झालं! दुसऱ्याच दिवशी सुरुंग उडायला लागले आणि डोंगराचा उजवा खांदा ढासळू लागला.

गावकरी राजाकडे धावले. "महाराज, डोंगर जिवंत आहे. आमची गुरं त्याच्यावर जगतात, त्याच्या झऱ्याचं पाणी आम्ही पितो."

राजा मनानं वाईट नव्हता, पण जागेवरून हलायचा त्याला भारी कंटाळा. शेगडीपुढून न उठताच तो म्हणाला, "जिवंत आहे ना? मग त्याचा आत्ताचा फोटो आणून दाखवा. तोवर काम चालू राहील."

गावकरी फोटोवाल्याच्या अंगणात आले. पाटील म्हणाला, "बाबा रे, ऊठ. एक फोटो काढ, डोंगर वाचेल."

"आत्ता? पौषात?" फोटोवाला म्हणाला. "त्या वाळक्या गवतात काढण्यासारखं काय आहे, पाटील? माघ लागू द्या, चांगला मुहूर्त बघून चढतो. तोवर माझा श्रावणातला फोटो न्या. सगळ्यांत नावाजलेला आहे."

बिचारे तोच घेऊन गेले. कारभाऱ्यानं तो पाहिला आणि खो खो हसला. "महाराज, आपण इथे शाल पांघरून शेकत बसलोय आणि यांच्या डोंगरावर धबधबे कोसळताहेत!"

राजा संतापला. "मला फसवता? पौषातला फोटो असेल तरच परत या. नाहीतर दुसरा खांदाही फोडतो." गावकरी माना खाली घालून घरी आले.

त्या संध्याकाळी फोटोवाल्यानं नेहमीसारखा चहा मागितला. बायकोनं काळा चहा पुढ्यात आदळला.

"दूध कुठंय?"

"कुठलं दूध?" ती कडाडली. "सुरुंगांच्या धसक्यानं शेळी आटली. डोंगरावर काही नाही म्हणता ना? मग माझी शेळी इतके दिवस काय फत्तर खाऊन दूध देत होती? रोज सकाळी मी तिला घेऊन कुठं जाते, कधी विचारलंत?"

"अगं, पण पौष..."

"पौष! सुरुंग लावणाऱ्यांनी मुहूर्त बघितला का? कारभाऱ्याला पौष आडवा आला का? डोंगर फोडायला पौष चालतो आणि वाचवायला तेवढा चालत नाही? पौषाला हात असते तर त्यानं तुमच्या थोबाडीत दिली असती!"

तेवढ्यात डोंगरावर आणखी एक सुरुंग उडाला. फळीवरची भांडी खणखणली आणि कॅमेऱ्यावरची धूळ खाली पडली. फोटोवाला उठला. त्यानं कॅमेरा उतरवून पुसायला घेतला. हुरूप आला नव्हताच. लाज आली होती आणि डोंगर चढायला तेवढी पुरली.

पहाटे तो बायकोच्या आणि शेळीच्या मागोमाग निघाला. बोटं गारठली होती, दम लागत होता, आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्याची कुरकुर चालूच होती. वर पोचला आणि थबकला. खाली दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. ऊन आलं तसं दवानं भिजलेलं पिवळं गवत सोन्यासारखं उजळलं. झरा बारीक होता, पण वाहत होता. गावची गुरं त्याला तोंड लावून उभी होती आणि त्यांच्या नाकातोंडातून वाफा निघत होत्या. मागे डोंगराचा तुटका खांदा दिसत होता.

"इतकी वर्षं हे इथं होतं," तो चिडून म्हणाला, "आणि मी अंगणात बसलो होतो!" त्यानं फोटो काढला. तुटका खांदा त्यानं मुद्दाम फोटोत घेतला.

दरबारात कारभारी म्हणाला, "हाही जुनाच असेल."

फोटोवाल्याची बायको पुढे झाली. "महाराज, गवत बघा कसं वाळलंय. गुरांच्या तोंडातून वाफ निघतेय. श्रावणात निघते का कधी?"

राजानं फोटो जवळ घेतला. बराच वेळ पाहून त्यानं तुटक्या खांद्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय?"

"हे आपल्या सुरुंगांचं काम, महाराज," फोटोवाला म्हणाला. "परवा-परवापर्यंत तिथंही गवत होतं."

राजाची मान खाली गेली. सुरुंग त्याच दिवशी थांबले. कारभाऱ्याला मात्र राजानं उरलेला पौषभर गुरांमागे डोंगरावर पाठवलं, आणि बरंच केलं!

डोंगर वाचला, पण गेलेला खांदा काही परत उगवला नाही. आता पौष लागला की बायको दुधाचा चहा पुढे ठेवते आणि त्या तुटक्या खांद्याकडे बघते. फोटोवाला अर्धा चहा तसाच टाकून कॅमेरा उचलतो.

तात्पर्य: मोडणारे मुहूर्त बघत नाहीत, मग जपणाऱ्यांनी तरी तो का बघत बसावा? आणि हुरूप घरी चालत येत नसतो, त्याला गाठायला डोंगर चढावा लागतो.