केरबा निघायच्या आधी गाडी तपासतो

हिंगणमळा गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोराबाळांसमोर बोलत नाहीत.

वय चाळीस. अंगानं धडधाकट. कुठल्या कामाला नाही म्हणायचा नाही. फक्त सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. त्याची बायको सुगंधा एकदा ‘जरा दुधाकडं बघा’ म्हणून शेजारी गेली, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा दुधाकडं बघत बसला. सगळं नीट बघितलं त्यानं.

अशा माणसाला मोटारसायकल मिळाली. मेहुण्यानं नवी घेतली आणि जुनी ह्याच्या दारात आणून लावली. जाताना म्हणाला, “दाजी, गाडी लेकरासारखी सांभाळा.”

केरबानं मान हलवली. मान तो फार चांगली हलवायचा.

दुसऱ्या दिवसापासून गाडीला रोज गरम पाण्यानं आंघोळ सुरू झाली. साबण लावून. टाकीला काजळाची तीट लावली. लेकराचे कान आतून धुवावे लागतात, म्हणून सायलेन्सरच्या भोकात दोन तांबे पाणी. पाचव्या दिवशी गाडी सुरू होईना. केरबानं ती ढकलत फाट्यावर दस्तगीर मिस्त्रीकडं नेली. मिस्त्रीनं किक मारली, तशी मागनं पाण्याची पिचकारी उडाली.

“पाणी कुणी घातलं ह्यात?”

“मी. आंघोळ घातली.”

“कुणाला?”

“गाडीला. लेकरासारखी.”

मिस्त्री चांगला माणूस होता. तीस वर्षं त्यानं गाड्या दुरुस्त केल्या होत्या आणि गाड्यांचे मालक सोसले होते. तो म्हणाला, “केरबा, गाडीला पाणी नको, तेल लागतं. ही चेन बघ, गंजून कोरडी पडलीय. घरातनं निघायच्या आधी बघत जा. जिथं घासतंय तिथं तेल सोड.”

केरबानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेलाची बुदली घेऊन गाडीसमोर उकिडवा बसला. चेन घासत होती, तिला तेल सोडलं. इथंच उठला असता तर ही गोष्टही इथंच संपली असती. पण चाकाच्या आत ब्रेकही घासतो, हे त्यानं स्वतः शोधून काढलं. फार आनंद झाला त्याला. दोन्ही चाकांत वाटी वाटी गोडंतेल गेलं. मग तो गाडीवर बसून देवळाच्या उतारावरनं निघाला आणि खाली आल्यावर त्यानं ब्रेक दाबला. गाडीनं दखल घेतली नाही. उताराच्या टोकाला सरपंचाचा उकिरडा होता. केरबा त्यात कमरेपर्यंत गेला, गाडी दिव्यापर्यंत गेली.

“ब्रेकला तेल?” मिस्त्री ओरडला.

“घासत होता म्हणून.”

“अरे, ब्रेक घासायलाच असतो!”

“मग चेन कशाला असते?”

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. तंबाखू मळली आणि तोंडात टाकली. मग शांतपणे म्हणाला, “हे बघ. ब्रेक ढिला असून चालत नाही. निघायच्या आधी हात लावून, हलवून बघायचं. हललं की आवळायचं.”

केरबानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी गाडी हलवून बघितली. आरसा हलला, आवळला. ब्रेकचं पायडल हललं, आवळलं. चेन तर नुसती झुलत होती, ती तारेसारखी ताणली. मग हँडलला हात लावला. हँडल डावीकडं जायचं, उजवीकडंही जायचं.

“हे तर पारच ढिलं झालंय,” केरबा म्हणाला. त्यानं पान्याला लोखंडी नळी लावली, तीवर उभा राहिला आणि हँडल कायमचं बसवलं.

सरळ रस्त्यावर गाडी झकास पळाली. पुढं ओढ्याजवळ वळण आलं. रस्ता वळला. केरबाही वळला, निदान कमरेतनं. गाडी वळली नाही. शिंद्यांच्या उसात पंधरा सऱ्या आडव्या करून सोळाव्या सरीतल्या चिखलात थांबली. शिंदे उसातच पाणी पाजत होते. ते काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मिस्त्रीनं गाडी बघितली आणि कपाळावर हात मारला. “अरे, हँडल फिरलं पाहिजे! चेन बोटभर झुलली पाहिजे! पायडलालाही बोटभर ढील पाहिजे! फास लावल्यासारखं आवळतात होय?”

“किती ढील, मिस्त्री?”

“बोटभर म्हटलं की!”

केरबानं मान हलवली, आणि ह्या वेळी जाताना बोटही मोजून घेतलं.

पुढं जे झालं त्यात मिस्त्रीची थोडी चूक होती. त्याला तालुक्याला जायचं होतं आणि दुसरी गाडी मिळाली नाही. केरबा फाट्यावरनं चालला होता. मिस्त्रीनं हात केला आणि मागं बसला. तीस वर्षांचा अनुभव एका क्षणात वाया गेला.

पहिल्या मैलात ठण्ण असा आवाज झाला.

“काय पडलं रे?”

“नंबरची पाटी असंल.”

थोडं पुढं गेल्यावर आरसा गेला. मग चेनवरचं झाकण. मग काहीतरी खळखळत रस्त्याच्या कडेला गेलं, ते काय होतं हे कुणालाच कळलं नाही.

“केरबा, गाडी सुटत चाललीय!”

“सुटत नाही, मिस्त्री. ढील आहे.”

“कशाला ढील आहे?”

“सगळ्याला. बोटभर.”

मिस्त्रीला सगळं कळलं. त्यानं उडी मारायचं ठरवलं, पण तेवढ्यात खड्डा आला आणि सीट आधी उडाली. मिस्त्री सीटसकट घाणेरीच्या जाळीत गेला. केरबा मात्र टाकीला मिठी मारून फर्लांगभर पुढं जाऊन थांबला.

मिस्त्रीचा डावा हात मोडला. त्याला भेटायला सुगंधा स्वतः गेली. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग होता.

“दादा, तुमच्या पाया पडते. ह्यांना तोंडी काही सांगू नका. लिहून द्या. नेमकं लिहा. ह्यांच्या डोक्याला कामच राहू नये असं लिहा.”

मिस्त्रीनं उजव्या हातानं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पेट्रोल. टायरची हवा. ब्रेक. चेन. दिवे. नट आवळलेले, पण हँडल फिरतंय. मग केरबाला समोर बसवून तो म्हणाला, “ह्या सहा गोष्टी बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. सहा बघितल्या की निघायचं. मधे काही नाही.”

आणि आश्चर्य म्हणजे आठवडाभर काहीही झालं नाही. केरबा रोज पुठ्ठा धरून गाडीभोवती फिरायचा, टायर अंगठ्यानं दाबायचा, चेन बोटानं मोजायचा. लोक ओट्यावर बसून बघायचे. त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

आठव्या दिवशी मागचा दिवा अजून लागतोय का, हे केरबानं चालत्या गाडीवर मान वळवून बघितलं. दिवा लागत होता. पुढं म्हैस होती. म्हशीला काही झालं नाही. पुढच्या दिव्याची काच फुटली आणि केरबाचा एक दात गेला.

मिस्त्री खाटेवर पडूनच ओरडला, “बघायचं ते निघायच्या आधी! एकदा गाडी हलली की नजर समोर. मागं कितीही बोंब उठू दे, वळून बघायचं नाही. कळलं?”

केरबानं मान हलवली. मिस्त्रीनं भिंतीकडं तोंड केलं.

त्याच पंधरवड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. खालच्या आळीची जागा बायकांसाठी राखीव होती. वरच्या आळीत नळाला पाणी यायचं. खालच्या आळीत दोन वर्षांपूर्वी पाईप पुरून ठेवला होता, पाणी यायचं राहिलं होतं. बायका ओढ्यावरनं हंडे आणत होत्या. त्यांनी एकमतानं सुगंधाला उभं करायचं ठरवलं. समोर एकटी सरपंचाची भावजय होती. सुगंधाचा अर्ज गेला नाही तर ती बिनविरोध.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तालुक्याला अर्ज द्यायचा होता. एका दाखल्यावर सही मिळता मिळता बारा वाजले. एसटी निघून गेली होती. तालुका चौदा किलोमीटर. कागदांची पिशवी छातीशी धरून सुगंधानं सगळ्या रस्त्याकडं बघितलं आणि शेवटी दारातल्या गाडीकडं बघितलं.

“चला,” ती म्हणाली आणि मागं बसली.

“उतर आधी. तपासायचीय.”

ती उतरली. पिशवी त्यानं हँडलला अडकवली आणि पुठ्ठा काढला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवशी केरबानं एकही चूक केली नाही. पेट्रोल कमी होतं, त्यानं बाटलीनं भरलं. मागचं चाक मऊ लागलं, त्यानं पंपानं हवा मारली. ब्रेक दाबला, चेन मोजली, दिवे लावून बघितले, नट चाचपले, हँडल फिरवलं. सहा झाल्या. किल्ली फिरवली, किक मारली आणि सहा बघितल्या की निघायचं म्हणून तो निघाला.

सुगंधा पायरीवर पदर खोचत उभी होती.

“अहो! अहो, मी राहिले!”

सगळी आळी ओरडत गाडीमागं पळाली. केरबाला ऐकू येत होतं. पण गाडी हलली होती. त्यानं नजर समोर ठेवली, आणि आपण ती किती घट्ट ठेवलीय ह्याचं त्याला फार बरं वाटलं.

सव्वा वाजता तो तहसील कचेरीत पोचला. पिशवी घेऊन टेबलापाशी उभा राहिला.

“उमेदवार कोण?” कारकुनानं विचारलं.

“माझी बायको.”

“कुठायत?”

आता गाडी हलत नव्हती, म्हणून केरबानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“राहिली वाटतं घरी.”

“वाटतं? अहो, माझ्यासमोर त्यांची सही लागते! तीनच्या आत. पळा, घेऊन या!”

केरबा पळत बाहेर आला. पिशवी हँडलला अडकवली. मग पुठ्ठा काढला. पेट्रोल. हवा. ब्रेक. चेन. पंचवीस मिनिटं लागली. घाई केली नाही त्यानं, मिस्त्रीनं घाई करायला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे उभी राहून सुगंधा कचेरीच्या दारात उतरली. अंगावर दूध सांडलेलं, केस सुटलेले. अजून दोनही वाजले नव्हते. समोर नवरा होता, गाडी होती, हँडलला पिशवी होती. तिला आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याला बघून इतका आनंद झाला.

नेमकी तेव्हाच केरबानं किक मारली.

“अहो, थांबा! आले मी! पिशवी द्या!”

केरबाला मागनं आवाज आला. थेट सुगंधासारखा आवाज होता. पण सुगंधा तर घरी होती, आणि गाडी हलली होती. कारकून खिडकीतनं ओरडला. शिपाई टोपी हातात घेऊन फाटकापर्यंत पळाला. केरबा नजर समोर ठेवून गेला.

घराला कुलूप होतं. शेजारची काशाक्का ओट्यावर बसली होती.

“सुगंधा कुठाय?”

“ती मगाशीच गेली की तालुक्याला, तुमच्या मागनं.”

“बरं झालं,” केरबा म्हणाला. “तिथंच पाहिजे होती ती.” आणि तो पायरीवर निवांत बसला.

“आणि कागदाची पिशवी?”

“ती आहे माझ्याकडं. काळजी करू नका.”

काशाक्का उठली आणि घरात जाऊन दार लावून बसली.

तीन वाजून गेल्यावर वरच्या आळीत फटाके वाजायला लागले. कुणाचं लग्न आहे, असं केरबानं दोघातिघांना विचारलं.

पाचच्या एसटीनं सुगंधा आली. खालच्या आळीच्या बायका फाट्यापासून तिच्याबरोबर चालत आल्या होत्या. केरबा उठला आणि त्यानं पिशवी तिच्या हातात दिली.

“बघ. एक कागद चुरगळला नाही,” तो म्हणाला. “आणि गाडी! अठ्ठावीस किलोमीटर पळाली, पण एक दोष निघाला नाही.”

सुगंधानं पिशवीकडं बघितलं. गाडीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं.

“दोष गाडीत नव्हताच कधी,” ती म्हणाली.

केरबाचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

“मग कुठाय?” त्यानं विचारलं. “दाखव, उद्याच मिस्त्रीकडं नेतो.”